शिळे पाणी आणि रुग्णाचा श्वास



माझे आयुष्य शब्दांच्या सहवासात गेले. वैद्यक हे माझे क्षेत्र नव्हे. तथापि आज एका शब्दाच्या आधारेच त्या क्षेत्राकडे वळतो. तो शब्द म्हणजे ‘शिळे’. आपल्या घरांतून आदल्या दिवसाचे पाणी शिळे मानून ओतून देत आणि कळशी घासून ताजे भरीत. या रीतीचे मर्म रुग्णालयाच्या संदर्भात मला नव्याने उमगले.

जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले. त्यानंतर न्यूमोनियाचे १८२ रुग्ण आढळले. त्यांतील २९ दगावले. पुढे सापडलेल्या जंतूस ‘लीजनेला’ हे नाव मिळाले. २५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाचे साचलेले पाणी आणि नळांच्या आतील बुळबुळीत थर त्यास मानवतो. त्याची बाधा मुख्यत्वे श्वासावाटे होते. पाण्याचे सूक्ष्म तुषार फुप्फुसांत गेले, की वृद्ध व दुर्बल रुग्ण सापडतात.

सिल्वासाचा उन्हाळा आपणांस ठाऊक आहे. पाणी शुद्ध होऊन आले, तरी गच्चीवरील टाकीत ते तापते आणि त्यातील क्लोरीनचा प्रभाव ओसरतो.

काही वर्षांपूर्वी माझे ज्येष्ठ बंधू एका रुग्णालयात प्राणवायूवर होते. प्राणवायू ओलसर करणाऱ्या बाटलीत नळाचे पाणी भरताना मी पाहिले आणि संकोचाने गप्प राहिलो. त्यामुळे त्यांना अपाय झाला, असे मी म्हणत नाही. परंतु ते मौन मला अद्याप सलते.

उपाय साधे आहेत. त्या बाटलीत व नेब्युलायझरमध्ये निर्जंतुक पाणीच वापरावे. टाक्या झाकलेल्या व स्वच्छ असाव्यात. गरम पाणी ६० अंशांवर साठवावे; मात्र रुग्ण भाजू नये म्हणून नळापाशी ते मिसळून द्यावे. रिकाम्या खोल्यांतील नळ व शॉवर निदान आठवड्यातून एकदा वाहते करावेत. निरुपयोगी नळजोड काढून टाकावेत, कारण तेथेच पाणी शिळे होते.

आपल्यापैकी कोणी उद्या रुग्णालयाचे विश्वस्त असतील, कोणी परिचारिका, कोणी केवळ आप्ताच्या उशाशी बसलेले. त्यांनी एवढेच नम्रपणे विचारावे : ‘हे पाणी कोठले आणि केव्हाचे?’ मी विचारले नाही, आपण विचारावे.