घुमट आपोआप ताऱ्यामागे कसा फिरतो?

ठाणे, डोंबिवलीचे आकाशप्रेमी काळोख्या आकाशासाठी वांगणी गाठतात. पण चंद्र, ग्रह, जोडतारे शहराच्या उजेडातही दिसतात. त्यांचे रोज वेध घ्यायचे, तर दर वेळी दुर्बीण मांडणं-आवरणं जिकिरीचं होतं. म्हणून काही हौशी निरीक्षक गच्चीवर छोटा घुमट बांधतात. प्रश्न उरतो तो फिरवण्याचा.

घुमट फिरवायचा कशाला?

पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. दुर्बिणीची मोटर ताऱ्याचा पाठलाग करते, पण घुमटाचा झरोका जागेवरच राहतो. समजा, घुमट २.२ मीटर व्यासाचा, झरोका ६० सेंमी रुंद आणि दुर्बीण २० सेंमीची आहे. दक्षिणेला असताना ज्येष्ठा ताऱ्याची दिशा आपल्याकडून तासाला सुमारे १९ अंशांनी बदलते. म्हणजे तासाभरातच झरोक्याची कड आडवी येऊ लागते.

मोटर काय करते?

गिअरवाली मोटर आणि रबरी चाक घुमटाच्या कडेला टेकवतात. घुमटाचा परीघ ६.९ मीटर आणि चाकाचा २२ सेंमी असेल, तर घुमटाच्या एका फेरीत चाक सुमारे ३१ वेळा फिरतं. एन्कोडर हे फेरे मोजतो. चाक घसरलं की मोजणी चुकते, म्हणून घुमटावर एक चुंबक बसवतात. तो सेन्सरसमोर आला की हिशोब पुन्हा शून्यापासून सुरू. आर्डुइनोसारखा छोटा बोर्ड हे काम करतो. दुर्बीण आणि घुमट यांच्यातला संवाद अ‍ॅस्कॉम किंवा इंडी या मोफत प्रणालींतून होतो.

मग टायमर का चालत नाही?

दोन कारणं. पहिलं म्हणजे, अनेक दुर्बिणी घुमटाच्या बरोबर मध्यावर नसतात. दुर्बीण ३० सेंमी बाजूला असली, तर तिची नजर झरोक्याच्या थेट कडेवर जाते. हा फरक दर वेळी गणितानेच काढावा लागतो.

दुसरं कारण खास आपल्या अक्षांशाचं. ठाणे-कल्याण सुमारे १९.२ अंश उत्तरेला आहे आणि स्वाती तारा खगोलीय विषुववृत्तापासून सुमारे १९ अंश उत्तरेला. त्यामुळे तो जवळजवळ आपल्या डोक्यावरून जातो. उगवल्यापासून माथ्यावर येईपर्यंतच्या साडेसहा तासांत त्याची दिशा जेमतेम २० अंश बदलते. मग काही मिनिटांतच ती पूर्वेकडून थेट पश्चिमेला जाते! एकाच वेगाने फिरणारा घुमट इथे हमखास चुकतो. म्हणूनच झरोका माथ्याच्या थोडा पलीकडेपर्यंत उघडा ठेवतात. तेवढ्या वेळात घुमटाला अर्धी फेरी मारता येते.

मोटर सतत चालवायचीही गरज नाही. तारा ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ लागला की घुमट थोडा सरकवला तरी पुरतं.

पावसाचं काय?

झरोक्याचं दार घुमटासोबत फिरतं. त्याला थेट वायर जोडली तर ती गुंडाळली जाते. म्हणून दाराच्या मोटरसाठी घुमटावरच बॅटरी आणि छोटं सौर पॅनल बसवतात. वीज किंवा इंटरनेट गेलं तरी पाऊस येताच दार आपोआप बंद झालं पाहिजे. आपल्याकडच्या अवकाळी सरीत दुर्बीण वाचते ती यामुळेच. शिवाय दार हाताने बंद करण्याची सोयही हवी.

मोटर घेण्याआधी एक सोपी चाचणी करा. घुमट एका हाताने पूर्ण फिरवून बघा. तो कुठे अडत असेल, तर आधी चाकं आणि रूळ सरळ करा. अडणाऱ्या घुमटाला मोठी मोटर लावली, तर चाक फक्त जास्त घसरेल.