फुगेवाल्या गेममागचा माणूस

नव्वदच्या दशकात नाशिकला मेन रोडवर किंवा शालिमारला व्हिडिओ गेमच्या कॅसेटी मिळायच्या. वर '९९९९ इन वन' छापलेलं असायचं, आत मात्र तेच वीस-पंचवीस गेम पुन्हा पुन्हा यायचे. त्यात फुगेवाला गेम जवळजवळ हमखास असायचा. पाठीला दोन फुगे बांधलेला माणूस. बटण दाबत राहिलं की हात फडफडवत वर जायचा, सोडलं की तरंगत खाली यायचा आणि पाण्याच्या फार जवळ गेला तर मासा त्याला गिळून टाकायचा. तो 'बलून फाइट'. अशा कॅसेटींत 'पिनबॉल', 'गोल्फ' आणि 'एफ-वन रेस' हेही असायचे. या चारही गेमच्या प्रोग्रामिंगमागे एकच माणूस होता आणि तो पुढे निन्टेंडो कंपनीचा अध्यक्ष झाला: सातोरू इवाता. आपल्या गल्लीबोळांतली पोरं दिवाळीच्या सुट्टीत तासन् तास त्यांचं काम हाताळत होती आणि त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

हे गेम इथवर पोचले कसे, याचं एक कारण त्यांच्या आकारात आहे. 'बलून फाइट' चित्रांसकट अवघा २४ किलोबाइटचा आहे. मोबाइलवरून आपण सकाळी पाठवतो तो 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा सहसा याहून मोठा असतो. एका चिपमध्ये डझनावारी गेम कोंबणाऱ्या नकली कॅसेटवाल्यांना असेच आटोपशीर गेम परवडत. इवातांनी जागेसाठी केलेली काटकसर अशी त्यांच्या नकळत आपल्या टीव्हीपर्यंत आली.

इवातांचा जन्म १९५९ साली जपानच्या उत्तरेला साप्पोरो शहरात झाला. शाळेत असताना त्यांच्या हाती प्रोग्राम करता येणारा एक कॅल्क्युलेटर आला आणि त्यावर ते गेम लिहू लागले. टोकियोत इंजिनिअरिंग शिकताना कमोडोर पेट नावाचा संगणक घेतला. त्यातला प्रोसेसर होता ६५०२. पुढे निन्टेंडोने आपल्या फॅमिकॉम या घरगुती गेम-यंत्रात जो प्रोसेसर घातला, तो याच घराण्यातला. जपानमध्ये त्याची नस माहीत असणारे तेव्हा थोडेच होते. एचएएल लॅबोरेटरी या छोट्या कंपनीत काम करणारा हा तरुण त्यांपैकी एक. 'गोल्फ'ची अठरा होल कॅसेटीत मावणार नाहीत म्हणून इतरांनी नकार दिला, तेव्हा इवातांनी माहिती आवळून आवळून ती बसवली.

पण खरी करामत 'बलून फाइट'मध्ये आहे. हा गेम आर्केडच्या यंत्रासाठी दुसरी तुकडी लिहीत होती आणि घरच्या फॅमिकॉमसाठी इवाता. घरच्या यंत्राची ताकद बेताचीच, कामाची स्मृती फक्त २ किलोबाइट, प्रोसेसरला गुणाकार-भागाकाराची स्वतंत्र आज्ञाही नाही. तरीही फुगेवाला इवातांच्याच गेममध्ये जास्त मऊ, जास्त खरा उडत होता. आर्केडवाल्या तुकडीचे तोशिहिको नाकागो विचारायला आले, हे कसं काय? उत्तर साधं होतं. पडद्यावर ठिपके पूर्णांकातच असतात, म्हणून बाकीचे माणसाची जागाही पूर्णांकातच मोजत होते. इवाता मात्र ठिपक्याचे अपूर्णांक वेगळे जपून ठेवत. वाण्याने वरचे पैसे सोडून देण्याऐवजी पैसान् पैसा वहीत मांडावा, तसं. सेकंदाला साठ वेळा अगदी बारीक वेग जमा होत जातो, बेरीज एका ठिपक्याएवढी भरली की माणूस एक ठिपका सरकतो. गुरुत्वाकर्षणाची ओढ आणि फुग्याचा उचल-जोर बोटांना जाणवतो तो यामुळे. ही युक्ती इवातांनी नाकागोंना मोकळेपणाने शिकवली आणि नाकागोंच्या लोकांनी ती 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये, मारिओ पाण्यात पोहतो त्या भागात वापरली. म्हणजे मारिओचं पोहणं हे फुगेवाल्याचं उडणंच आहे.

१९९३ मध्ये एचएएल सुमारे दीडशे कोटी येनच्या कर्जाखाली बुडत होती. निन्टेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी मदतीसाठी अट घातली: इवातांना अध्यक्ष करा. इवाता तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. त्यांनी सर्वांत आधी काय केलं, तर एकेका कर्मचाऱ्याशी बसून बोलले, आणि मग दर सहा महिन्यांनी हे चालूच ठेवलं. चूक कुठे आहे हे अंदाजाने न ठरवता आधी सगळं वाचून काढायचं, ही प्रोग्रामरची सवय त्यांनी माणसांच्या बाबतीतही सोडली नाही, असं मला वाटतं. सहाएक वर्षांत कर्ज फिटलं.

अध्यक्षपद आलं तरी हात कीबोर्डवरून निघाले नाहीत. 'मदर २' हा गेम अडकून पडला होता. तेव्हा ते म्हणाले, आहे तोच दुरुस्त करायचा तर दोन वर्षं लागतील, नव्याने लिहू दिला तर सहा महिने. नव्याने लिहिला, आणि १९९४ साली तो बाजारात आला. पोकेमॉनच्या लढाईचा भाग नव्या यंत्रावर न्यायचा होता, पण नीट कागदपत्रं नव्हती. इवातांनी मूळ कोड वाचून साधारण आठवड्याभरात तो चालवून दाखवला. एका कंपनीचा अध्यक्ष हे करतो, याचं पोकेमॉनवाल्यांनाही नवल वाटलं. २००१ मध्ये तर ते निन्टेंडोचे संचालक होते. तरी 'स्मॅश ब्रदर्स मेली' वेळेत होत नाही हे दिसताच तीन आठवडे जुन्या कंपनीत जाऊन बसले आणि चुका शोधत राहिले.

मे २००२ मध्ये यामाउचींनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं. निन्टेंडोची स्थापना १८८९ ची, पत्ते बनवण्याच्या धंद्यातून. यामाउची घराण्याबाहेरचा हा पहिलाच अध्यक्ष. प्रतिस्पर्धी अधिकाधिक ताकदीची यंत्रं काढत असताना इवातांनी आजी-आजोबांनाही हातात घ्यावीशी वाटतील अशी यंत्रं काढायला सांगितली. 'वी' यंत्र तर डीव्हीडीच्या दोन-तीन डब्या एकावर एक ठेवल्या एवढंच असावं, असा त्यांचा आग्रह होता. निन्टेंडो डीएस १५ कोटींहून अधिक विकली गेली, वी १० कोटींहून अधिक.

नंतर पडतीचा काळही आला. नोकरकपातीचा सल्ला मिळाला, तेव्हा घाबरलेली माणसं चांगले गेम बनवू शकत नाहीत असं सांगून त्यांनी तो नाकारला, आणि २०१४ मध्ये पाच महिने स्वतःचा पगार निम्मा केला. ११ जुलै २०१५ रोजी, ५५ व्या वर्षी, आजारपणात त्यांचं निधन झालं.

त्यांच्या हयातीत काम सुरू झालेलं स्विच हे यंत्र २०१७ मध्ये बाजारात आलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने बनवलेला 'राजी' हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी याच यंत्रावर झळकला. दैत्यांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधायला निघालेल्या एका मुलीची ती गोष्ट आहे.