नांगरलेल्या होडींतील विजेचे दोष

खाडीकाठीं किंवा धरणाच्या जलाशयाकाठीं ज्यांची शेती आहे, अशा कांहीं शेतकरीबंधूंजवळ माल व माणसें नेण्यासाठीं स्वतःची यांत्रिक होडी असते. पावसाळ्यांत ती पुष्कळ दिवस बांधून ठेवावी लागते. त्या काळांत तळाशीं सांचणारें पाणी बॅटरीवर चालणारा लहान पंप आपोआप उपसून टाकतो. वीज संपली कीं पंप थांबतो, आणि एखाद्या मुसळधार रात्रीं होडी जागच्या जागीं बुडण्याचा प्रसंग येतो.

पंप थांबला कीं नवी बॅटरी आणावी, असा सर्वत्र प्रघात आहे. आम्हींही एका पावसाळ्यांत तेंच केलें. पण पंधरा दिवसांत नवी बॅटरीही उतरली. शोध घेतां सौर पॅनेलकडून येणाऱ्या तारेवरील फ्यूजच्या खोबणींत हिरवट गंज चढलेला आढळला. बॅटरी निर्दोष होती. तिला अन्नच मिळत नव्हतें. तेव्हांपासून आधीं मोजणें व मग खर्च करणें, हा नियम आम्हीं पाळिला आहे.

साधा मल्टिमीटर या कामीं पुरतो. कोरड्या दिवशीं पंप व पॅनेल सोडवून शिशाची बॅटरी कांहीं तास स्वस्थ ठेवावी व मग मोजावी. सुमारें १२.७ व्होल्ट असल्यास ती भरलेली, १२.२ असल्यास निम्मी, आणि ११.९ च्या खालीं असल्यास जवळजवळ रिकामी समजावी. उतरलेली बॅटरी तशीच पडूं दिल्यास तिच्या प्लेटांवर कठीण थर बसून तिची शक्ति कायमची घटते. नंतर चांगलें ऊन असतां पॅनेल जोडून पुनः मोजावें. आंकडा वर चढला नाहीं, तर दोष पॅनेल व बॅटरी यांच्या दरम्यान आहे.

यानंतर पंप चालूं करून बॅटरीवर व पंपाच्या तोंडाशीं, अशा दोन ठिकाणीं मोजावें. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक पडल्यास मधला एखादा सांधा गंजला आहे असें जाणावें. ही मोजणी पंप चालूं असतांनाच करावी. पाटाची मोरी गाळानें बुजत आली असली, तरी पाणी स्थिर असतां दोहों अंगांस पातळी सारखीच दिसते. पाणी वाहूं लागलें म्हणजेच खालच्या अंगाची पातळी उतरते. विजेचेंही तसेंच आहे.

दुरुस्तीपूर्वीं बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडवावी. हिरवी पडलेली तार कापून टाकावी, कल्हईची तांब्याची तार वापरावी, व सांध्यांवर व्हॅसलीन लावावें. पंपाची तार मुख्य बटणावरून न नेतां स्वतंत्र फ्यूज घालून थेट बॅटरीपासून न्यावी. म्हणजे बटण बंद केलें तरी पंप जागा राहतो. बॅटरी भरतांना ज्वालाग्राही वायु निघतो. तेथें बिडी ओढूं नये.

कित्येक जण मोटारीच्या खोलींतून २३० व्होल्टची तार ओढून होडींत नेतात. ती गळकी असल्यास शेजारच्या पाण्यांत पोहणाऱ्याचा प्राण जातो. गोड्या पाण्यांत हा धोका अधिक असतो. म्हणून ३० मिलिअँपियरवर तुटणारा गळतीरक्षक स्विच बसविल्यावांचून अशी तार नेऊं नये. बॅटरी काढून घरीं आणून भरणें हेंच उत्तम.

होडी बांधण्यापूर्वीं पंपाचा तरंगता खटका हातानें उचलून पंप सुरू होतो कीं नाहीं, एवढें प्रत्येकानें अवश्य पाहावें.