सीताफळाच्या नोंदीतला दुष्काळ

१८८६ साली लंडनमध्ये छापल्या गेलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात आमच्या भागातल्या उपासमारीबद्दल एक ओळ आहे. ती ‘दुष्काळ’ या शब्दाखाली नाही, सीताफळाच्या नोंदीत आहे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल हे कोशकार सांगतात, की दक्षिणेतल्या लोकांच्या आहारावर १८६४ साली निघालेल्या एका पुस्तिकेनुसार हैदराबाद मुलखात दुष्काळ पडला तेव्हा रानातल्या सीताफळांनी पुष्कळांचे जीव वाचवले. ओळीत गाव नाही, साल नाही, माणसाचं नाव नाही. मी गंगापूरचा. आमचा तालुका तेव्हा निजामाच्या त्याच मुलखात होता. ही ओळ पहिल्यांदा वाचली त्या दिवशी मी पुस्तक मिटून उठलो आणि बराच वेळ अंगणात फिरत राहिलो.

त्या ओळीपर्यंत मला नेलं ते एका पाटीनं. परगावी गेलो की तिथलं जुनं देऊळ आणि तिथली वनस्पतीबाग बघायची, ही माझी फार वर्षांची सवय. दोन्हीकडे पाय आपोआप हळू पडतात, दोन्हीकडे आवाज खाली येतो. अशाच एका बागेत सीताफळाच्या झाडाला पत्र्याची पाटी ठोकलेली होती: ॲनोना स्क्वामोसा, मूळस्थान उष्णकटिबंधीय अमेरिका. मी ती दोनदा वाचली. सीताफळ अमेरिकेचं? आजी सांगायची, वनवासात सीतामाईला हुंदका आला, आसवं जिथं पडली तिथं हे झाड उगवलं. रामाची आसवं पडली तिथं रामफळ. गोदावरी आमच्या तालुक्याच्या कडेनं वाहते, कायगाव-टोक्याला प्रवरा तिला मिळते. राम-सीता याच काठानं गेले, यात आमच्या घरात कुणाला शंका नव्हती. मग त्या वाटेवरचं झाड समुद्रापलीकडून कसं आलं?

लिनियसनं १७५३ साली झाडाला दिलेल्या नावात ‘स्क्वामोसा’ म्हणजे खवल्यांचं. हे खवलेच पुढे भांडणाचं कारण झाले.

भांडणातलं मुख्य पात्र शोधत मी मुंबईला राणीच्या बागेत गेलो. आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. लोक तिथे प्राणी बघायला जातात. मी उर्वशीच्या लालभडक झुंबरांखाली आणि गोरखचिंचेच्या बुंध्याशी उभा राहतो. १८६२ साली खुल्या झालेल्या या बागेच्या आणि शेजारच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत जॉर्ज बर्डवूड नावाचा डॉक्टर पुढे होता. जन्म बेळगावचा, १८३२चा. मुंबई इलाख्यातल्या उपयोगी पदार्थांची सूची त्यानं तयार केली, झाडांवर त्याचा मनापासून जीव होता. अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या कामात त्याचे सहकारी. म्हणजे बाग, संग्रहालय आणि अजिंठा हे तिन्ही धागे भायखळ्याच्या एकाच आवारात होते. बर्डवूड पुढे इंग्लंडला परतला, आणि १८७४ साली त्यानं जाहीर केलं की अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतींमध्ये आपल्याला सीताफळ दिसतं.

अजिंठ्याची ती चित्रं बहुतेक पाचव्या शतकातली. कोलंबस निघाला १४९२ साली. दावा खरा असेल तर फळ कोलंबसाच्या हजार वर्षं आधी आमच्या जिल्ह्यात होतं आणि आजी बरोबर होती.

बर्डवूडला मोठी साथ मिळाली. जनरल अलेक्झांडर कनिंगहॅमला १८७३ साली भरहुतचा स्तूप सापडला होता. इसवीसनाच्या आधीच्या त्या दगडी कठड्यावर आणि मथुरेच्या शिल्पांत त्यालाही सीताफळच दिसत होतं. त्याचं म्हणणं असं, की पोर्तुगीजांनी फळ आणलं असेल, पण जे इथे होतं तेच आणलं. देशात ठिकठिकाणी सीताफळाची रानंच्या रानं त्यानं पाहिली होती. शिवाय उत्तरेत फळाला ‘आता’ म्हणतात, ते संस्कृत ‘आतृप्य’वरून आलं, असा त्याचा आणखी एक पुरावा. यूलनं थेट माक्स म्युलरला विचारलं. हा शब्द खऱ्या संस्कृतात कधी होता का, याचीच म्युलरला शंका होती, कुणीतरी मागाहून घडवला असावा असं त्याचं मत पडलं. पण राजा राधाकांत देवांच्या संस्कृत कोशात तो ‘द्रव्यगुण’ ग्रंथाच्या हवाल्यानं दिलेला आहे. मग प्रश्न हस्तलिखितांवर गेला: त्यांत नंतरच्या हातांनी किती भर घातली असेल?

यूल हा सैन्यातला इंजिनिअर, मार्को पोलोच्या प्रवासवर्णनाचा संपादक. सीताफळाच्या नोंदीत त्यानं जी तपासणी केली आहे ती एखाद्या चांगल्या फौजदाराला शोभावी. फळ कुणाकुणाला दिसलं नाही, हे तो आधी बघतो. बाबरानं हिंदुस्थानातली फळं चवीनं मोजली, त्यांत हे नाही. आईन-ए-अकबरीच्या ब्लॉकमननं केलेल्या इंग्रजी भाषांतरात ते आहे. पण मूळ फारसी उघडून पाहिलं तर शब्द निघाला ‘सदाफळ’, आणि सदाफळ म्हणजे सीताफळ असं कुठेच नाही. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथातही ते नाही.

माझ्या मते ओर्ताचं मौन सगळ्यांत बोलकं आहे. हा वैद्य कित्येक वर्षं गोव्यात राहिला, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. आंबा, फणस, नारळ, डुरियन यांच्यावर त्यानं संवादरूपात लिहिलं आहे. सीताफळ त्याच्या अंगणात असतं तर सुटलं नसतं. घराणं ज्यू, बाटवून ख्रिस्ती केलेलं. तो गेल्यावर १५८० साली गोव्याच्या धर्मन्यायालयानं त्याची हाडं उकरून जाळली. पणजीत चर्चसमोरच्या नगरपालिकेच्या बागेला आज त्याचं नाव आहे. त्या बागेतल्या बाकावर बसून मी समोरच्या पांढऱ्याशुभ्र चर्चकडे बघत होतो. झाडांबद्दल इतकं खरं लिहिणाऱ्या माणसाला त्याच्या श्रद्धेपायी मेल्यानंतरही सुखानं निजू देत नाहीत, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

मग यूल केरळकडे वळतो. डच अधिकारी व्हान ऱ्हेडेनं काढलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत निघाला. पहिल्याच खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या तीन कोकणी ब्राह्मणांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र आहे. वैद्य इट्टी अच्युदन यांच्या ज्ञानाशिवाय तर तो ग्रंथ उभाच राहिला नसता. त्याच्या तिसऱ्या खंडात सीताफळ आलं आहे ‘आता’ म्हणून, आणि सोबत हवाला आहे की मेक्सिकोत या झाडाला ‘आते’ किंवा ‘अहाते’ म्हणतात. मलबारी लोक त्याला मनिलाचा फणस म्हणत. त्याच्या भावंडाला, म्हणजे रामफळाला, फिरंग्यांचा फणस. इथे यूलच्या हाती धागा लागला: मेक्सिकोहून फिलिपाइन्समार्गे फळ आलं, आणि नावही बरोबर घेऊन आलं. ज्या ‘आता’ला कनिंगहॅम संस्कृत मानत होता, तो शब्दच परदेशी निघाला.

ॲनोना या प्रजातीची रानटी भावंडं अमेरिकेत आहेत, थोडी आफ्रिकेत आहेत. भारताच्या जंगलात एकही मूळची नाही. अलीकडे उत्तर भारतातल्या उत्खननांत सीताफळाच्या जुन्या बिया मिळाल्याचं काही अभ्यासक सांगतात, त्यामुळे वाद अधूनमधून डोकं वर काढतो. मला यूलचं पटतं. आजीचं नाही पटलं, हे मान्य करायला मला काही वर्षं लागली.

तरीही अजिंठा बघायचाच होता. एका नोव्हेंबरात दोन दिवस मी पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याचं छत न्याहाळत राहिलो. मान अवघडली की जमिनीवर नजर टेकवायची, पुन्हा वर. चौकटीत चौकट, प्रत्येकीत कमळं, पानं, हंस, फळं. एका चौकटीत खवल्याखवल्यांचं गोल काहीतरी आहे. पहिल्या क्षणी मला ते सीताफळच दिसलं आणि छाती धडधडली. थोड्या वेळानं तेच कमळाचा मिटलेला कळा वाटू लागलं. नंतर कदंबाचं फूल. लेण्यात उजेड बेताचा, रंग उडालेला, वर सोळाशे वर्षांची धूळ.

आणि तिथे उभा असताना माझ्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. बर्डवूडनं छत कुठे पाहिलं होतं? त्यानं लंडनमध्ये प्रती पाहिल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२च्या हिवाळ्यापासून विद्यार्थ्यांना घेऊन इथे येत आणि कॅनव्हासवर चित्रं उतरवत. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच एक. ही मुंबईची तरुण मुलं. दिवाळीच्या आधी बाजारात सीताफळाच्या पाट्या बघत मोठी झालेली. अर्धवट पुसलेल्या छतावर खवल्यांचा गोळा दिसला तर त्यांचा हात कुठल्या फळाकडे वळेल? ती रेघ पाचव्या शतकातल्या चित्रकाराची, की सीताफळ खाल्लेल्या मुलाची? ग्रिफिथ्सच्या पुष्कळ प्रती १८८५च्या साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. त्याआधी रॉबर्ट गिलनं केलेल्या बहुतेक प्रती १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. आमच्या डोंगरातली चित्रं लंडनला जाऊन दोनदा जळली. मूळ मात्र दगडात बसून आहे.

बर्डवूडची गोष्ट इथे थांबत नाही, आणि पुढचा भाग मला कष्टानं लिहावा लागतो. १९१० सालच्या जानेवारीत लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये ई. बी. हॅवेल यांनी भारतीय कलेवर निबंध वाचला. अध्यक्षस्थानी म्हातारा बर्डवूड होता. भारतात उच्च कला नाहीच, असं तो म्हणाला, आणि जावातल्या एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना त्यानं उकडलेल्या पुडिंगशी केली. ज्यानं अजिंठ्याच्या प्रतींत हौसेनं फळ शोधलं, त्याला त्याच परंपरेतला बुद्ध दिसला नाही. झाड बघणारा डोळा आणि ध्यान बघणारा डोळा वेगळे असतात का? त्याला कारागिराच्या हातातली नक्षी प्रिय होती, ‘द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ हे त्याचं पुस्तक अजून वाचण्यासारखं आहे. पण मूर्तीपुढे बसून राहण्याची सवय त्याला नव्हती. तेरा कलावंत आणि समीक्षकांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून निषेध केला. त्याच वर्षी लंडनमध्ये इंडिया सोसायटी स्थापन झाली. तिनं १९१५ साली प्रसिद्ध केली ती लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हळदार, हैदराबादचे सय्यद अहमद आणि फजलुद्दीन यांच्यासह केलेली अजिंठ्याची प्रतिचित्रं. भांडण फिरून पुन्हा आमच्याच डोंगरात आलं.

मग सीतेचं काय? अमेरिकेतून आमच्याकडे काय काय आलं, ते आठवून पाहा. पिवळा धोतरा आला, घाणेरी आली, गाजर गवत आलं. त्यांना देवाचं नाव कुणी दिलं नाही. कैलासपतीला दिलं, कारण दक्षिण अमेरिकेतल्या त्या झाडाच्या फुलात लोकांना पिंड आणि तिच्यावरचा नागफणा दिसला. राणीच्या बागेत एका बाईंनी खाली पडलेलं ते फूल उचलून कपाळाला लावलेलं मी पाहिलं आहे. सीताफळाला मात्र असा आकार नाही. त्याची ओळख पटली ती पोटाला.

उन्हाळ्यात पानं झाडून हे झाड काटकासारखं उभं राहतं, पहिल्या पावसाला फुलतं. मुरमाड उतार त्याला पुरतो. पाल्याला शेळी तोंड लावत नाही, म्हणून ते ओसाड माळावरही टिकतं. फळ येतं आश्विनात. पाऊस दगा देऊन गेला आणि ज्वारी-बाजरी हाती लागणार नाही हे घरोघर कळून चुकलं, की तेव्हाच हे डोंगरावर पिकतं, कुणी न लावलेलं, कुणाच्या मालकीचं नसलेलं. १८६४च्या पुस्तिकेतली माणसं त्या डोंगरावर गेली असतील, लेकरांना घेऊन. त्यांना मेक्सिको ठाऊक नव्हतं. रानात उपाशी फिरलेली एकच बाई त्यांना नावानिशी ठाऊक होती. तिनंच हे ठेवलं असणार, असं त्यांनी ठरवलं. आजीची आसवांची गोष्ट मी आता या ओळीशेजारी ठेवून वाचतो, आणि मला ती खोटी वाटत नाही. १९७२च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात होती. त्या साली अमेरिकेची लाल मिलो ज्वारी घरोघर आली. तिच्याबद्दल आजी कधी गोष्ट सांगायची नाही. सांगायची ती सीताफळाचीच.

आता बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, अंबाजोगाईला संशोधन केंद्र आहे, फळबागा ठिबकवर उभ्या आहेत. याचा आनंदच आहे. पण मी फळ घेतो ते दौलताबादच्या किल्ल्याखाली, घाटाच्या रस्त्यावर, डोंगरातून वेचून आणणाऱ्या बायांकडून. अजिंठ्याहून परतताना त्या नोव्हेंबरातही थांबलो. पाटी जवळजवळ रिकामी होती, हंगाम सरत आलेला. मावशींनी उरलेली पाच फळं एकेक हातात घेऊन फिरवली, खवल्यांमधल्या खाचांवरून अंगठा नेला.

“ह्या दोनाचे डोळे उघडले, दादा. ह्ये आजच खा. ह्ये तीन ज्वारीत घालून ठिवा. परवाला पिकत्याल.”

मी पैसे दिले. त्यांनी एक लहानसं फळ वरून टाकलं. “लेकरासाठी,” म्हणाल्या.