शहरातली शेती (लेखांक ७) : उकिरड्याची ऊब

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात शेती उभी करणाऱ्या विल ॲलन यांचे मासे या आठवड्यात टाकीतच राहू देत. मागच्या लेखांकात त्यांच्या ‘ग्रोइंग पॉवर’ या संस्थेच्या काचघरांत आणि पॉलिहाऊसमध्ये रचलेल्या कंपोस्टच्या ढिगांचा ओझरता उल्लेख होता. त्यावर निफाडच्या एका द्राक्षबागायतदारांनी विचारलंय : कच्चं शेणखत पडलं की पीक जळतं, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक आहे. मग बंद जागेत ढीग लावून ॲलन यांची रोपं जगायची कशी?

प्रश्न बिनतोड आहे, तेव्हा मासे थांबतील.

कच्च्या खतानं जळतात ती मुळं, कारण खत थेट त्यांना भिडतं. मिलवॉकीत मात्र ढीग कोपऱ्यात आणि भिंतीकडेला असायचे. वाफे त्यापासून वेगळे. हिवाळ्यात सकाळी उकिरडा उकरला की वाफ निघते, तीच ही ऊब. जिवाणू कचरा खातात, त्यातून उष्णता सुटते आणि नीट रचलेला ढीग आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो. त्यासाठी कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण 30 ला 1 हवं. मिलवॉकी हे बिअरचं गाव, त्यामुळे बिअरच्या कारखान्यातला ओला चोथा नत्रासाठी आयताच मिळायचा. कर्बासाठी लाकडाचे तुकडे. नत्र जास्त झालं की अमोनिया सुटतो आणि बंद जागेत पानं करपतात. बागायतदारांची शंका इथं सोळा आणे खरी आहे. डोळ्यांत झोंबणारा वास आला की आधी सुका पाला मिसळायचा, बाकी सगळं नंतर.

ही युक्ती काही ॲलन यांची नव्हे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसभोवतीचे भाजीवाले घोड्यांची ताजी लीद थरानं रचत, वर माती आणि काचेची झाकणं घालून भर थंडीत सॅलड काढत. रस्त्यावर मोटारी आल्या, घोडे गेले, लीद आटली आणि ती शेतीही मागे पडली.

मिलवॉकीत जानेवारीच्या एखाद्या रात्री पारा शून्याखाली 20 अंशांपर्यंतही उतरतो. अशा वेळी ढिगांकडून खोलीतल्या हीटरची अपेक्षा ठेवू नये. पालकासारख्या भाज्यांना तेवढं लागतही नाही. थोडं गारठल्यावर पालकाच्या पानांत साखर वाढते.

पण ढीग थंड पडतो. मग तो उलथायचा, भिजवायचा, नवा रचायचा. निवलेला माल गांडुळांकडे जातो, कारण तापलेल्या ढिगात गांडुळं मरतात. हे सारं फावड्याचं काम. ॲलन यांनी 1993 मध्ये घेतलेली ही जागा वेस्टलॉन या सरकारी वसाहतीपासून जवळ. आजूबाजूची पोरं, स्वयंसेवक आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळांना आलेली माणसं यांच्या हातांवर ही ऊब टिकली. इंधनाचं बिल वाचलं म्हणून ती फुकट म्हणणाऱ्यांनी एक दिवस फावडं मारून बघावं. 2017 मध्ये संस्था कर्जात बुडून बंद झाली, त्या हिशेबाला स्वतंत्र लेखांक लागेल.

निफाडला थंडीची लाट आली की बागांमध्ये शेकोट्या पेटतात. उघड्या बागेत ढिगाचा उपयोग नाही, त्याची ऊब वाऱ्यावर जाईल. पण प्लास्टिकखालच्या रोपवाटिकेत करून बघायला हरकत नाही. ढीग लांबी-रुंदी-उंचीला किमान एकेक मीटर ठेवा. त्याहून लहान ढीग तापतो कमी आणि निवतो लवकर.

मासे पुढच्या आठवड्यात.