ड्रॅग रेसचा निकाल डाव्या हातात असतो

हायाबुसा म्हटलं की अनेकांना २००४ चा 'धूम' आठवतो, आणि पाठोपाठ प्रश्न येतो: "पॉवर किती?" ड्रॅग रेसमध्ये नवखे लोकही आधी पॉवरवरच पैसे घालतात. पण पाव मैलाच्या (४०२ मीटर) शर्यतीत पहिल्या ६० फुटांत, म्हणजे १८.३ मीटरमध्ये, पॉवर कमी पडतच नाही. तिथे अडतं दुसरंच काहीतरी.

ते काय, हे समजायला एक सोपा हिशोब करू. बाइक आणि रायडर यांचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंमी उंच आणि मागच्या चाकाच्या टेकण्यापासून ७५ सेंमी पुढे आहे असं समजा. पुढचं चाक उचललं जाण्याआधी मिळू शकणारं जास्तीत जास्त त्वरण म्हणजे ७५ भागिले ७०, सुमारे १.०७ जी. यात इंजिन कुठेच नाही! त्याआधीच टायरची पकड सुटली, तर मर्यादा आणखी खाली येते.

आता रायडरने अंग १० सेंमी पुढे आणि तितकंच खाली नेलं तर? एकूण ३४० किलोत त्याचे ७५ किलो धरले, तर गुरुत्वमध्य दोन्हीकडे साधारण २ सेंमी सरकतो. ७७ भागिले ६८, म्हणजे १.१३ जी. एक रुपया खर्च न करता! बाइक खाली बसवणं आणि स्विंगआर्म लांब करणं यामागेही हेच गणित आहे.

दुसरा भाग क्लचचा. सुरुवातीला मागचं चाक थांबलेलं असतं आणि इंजिन हजारो आरपीएमवर फिरत असतं. दोघांचा वेग जुळेपर्यंत क्लच घसरतच राहणार. समजा ताशी ६५ किमीला वेग जुळतो. १ जी त्वरणाने तिथे पोचायला १.८ सेकंद आणि साधारण १७ मीटर लागतात. म्हणजे जवळजवळ सगळे ६० फूट क्लच घसरतोय! म्हणून तो झटक्यात सोडायचा नसतो. जिथे पकडायला लागतो तिथपर्यंत पटकन, आणि तिथून पुढे सावकाश. थ्रॉटल शक्यतो स्थिर ठेवून काम डाव्या हाताने करायचं.

याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. आरपीएम आणि टॉर्क स्थिर धरले, तर बाइकला जितकी गतिज ऊर्जा मिळते तितकीच क्लचमध्ये जळते. इथे ती सुमारे ५५ किलोज्यूल, म्हणजे एक कप चहाचं आधण उकळेल एवढी. लागोपाठ लाँच केले की क्लचचं वागणं बदलतं, ते यामुळेच. दोन रनमध्ये त्याला थंड होऊ द्या.

एवढ्या खटाटोपाने काय मिळतं? ०.८ जीने ६० फुटांना २.१६ सेकंद लागतात, १ जीने १.९३. फरक ०.२३ सेकंदाचा. शेवटच्या रेषेवर वेग ताशी २२५ किमी असेल, तर एवढ्या वेळात बाइक १४ मीटर जाते!

सराव करताना स्लिपवरचा ६० फुटांचा आकडा बघा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी बसण्याची पद्धत, मग आरपीएम, मग क्लच. रिअ‍ॅक्शन टाइम वेगळा मोजा. घड्याळ बाइक हलल्यावर सुरू होतं, त्यामुळे दिव्याला उशिरा प्रतिसाद दिला तरी ईटी बिघडत नाही. शर्यत मात्र हातची जाते.

आणि हे सगळं बंद ट्रॅकवरच. पुढचं चाक उचललं की हँडलने दिशा देता येत नाही, आणि रस्त्यावर समोरून कोण येईल याचं समीकरण माझ्याकडे नाही.