आमचुराचे पैसे, सुस्त संगणक आणि पोकळ वॅट

चैत्र-वैशाखात धडगावच्या आसपासच्या पाड्यांवर जिकडे तिकडे कैरीच्या फोडी वाळत टाकलेल्या दिसतात. त्या वाळल्या की आमचूर तयार होतो, आणि आमचूर विकला गेला की घरात चार पैसे येतात.

विद्यार्थी मित्रांनो, समजा त्या पैशांतले काही हजार रुपये एका घराने वेगळे काढून ठेवले आहेत. घरातली थोरली मुलगी बारावीला आहे. तिचा जुना संगणक सुरू व्हायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात चहा उकळून होतो. धाकट्या भावाला गाण्यांसाठी मोठा स्पीकर हवा आहे. बाजारात दोघांनाही सल्ला तयार असतो : "हा संगणक टाका, नवा घ्या!" आणि "हा बघा, हजार वॅटचा!" पण निवड चुकली तर? वस्तू परत करायची म्हणजे घाट उतरून जाणे आले, आणि पुढचा आमचूर तर वर्षानेच येणार. म्हणून पैसे मोजण्याआधी थोडे विज्ञान वापरू या.

घाटाचा नियम

धडगावहून तळोद्याकडे जाताना चांदसैलीचा घाट लागतो. घाटाखालचा रस्ता कितीही रुंद केला, तरी जोवर घाट अरुंद आहे तोवर प्रवासाचा वेळ फारसा कमी होणार नाही. संगणकाचेही असेच आहे. त्याच्या कामात मुख्य टप्पे तीन : हिशेब करणारा प्रोसेसर, हातातले काम समोर मांडून ठेवणारी रॅम ही स्मृती, आणि सगळी माहिती कायम साठवणारी डिस्क. या तिघांत जो 'घाट' असेल तेथेच पैसा घालायचा.

तो ओळखायचा कसा? विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. संगणक रेंगाळत असताना प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्यापुढचे टक्के पाहा. जो आकडा शंभराला जाऊन चिकटला असेल, तोच तुमचा घाट!

जुन्या संगणकात हा घाट बहुधा हार्ड डिस्क असतो. तिच्यात एक चकती फिरते आणि माहिती वाचणारा दांडा तिच्यावर इकडून तिकडे सरकतो. मिनिटाला ५,४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती जागा दांड्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे साडेपाच सहस्रांश सेकंद लागतो. दांडा सरकायला आणखी दहाएक सहस्रांश. म्हणजे विखुरलेली माहिती वाचायची झाली तर सेकंदाला साठ-सत्तर तुकडेच हाती येतात. संगणक सुरू होताना असे ६,००० तुकडे लागत असतील, तर दीड मिनिटाहून अधिक काळ नुसता चकतीची वाट पाहण्यात जातो. एसएसडी या साठवणीत फिरणारा भागच नसतो. ती सेकंदाला असे हजारो तुकडे सहज देते. प्रोसेसर तोच राहूनही संगणक एकदम चपळ होतो, तो यामुळे.

रॅमची गोष्टही याला जोडलेली आहे. ती भरली की संगणक उरलेले सामान डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसे परत आणतो. ओटा लहान असला की आपण डबे पुन्हा पुन्हा कोठीत ठेवतो आणि काढतो, तसेच हे. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ करण्याचा विचार जरूर करावा. मात्र डीडीआर-३ जातीची पट्टी डीडीआर-४ च्या खाचेत बसत नाही. आधी जुनी पट्टी पाहा, मगच नवी मागा. किमती सतत बदलतात. पण एसएसडी आणि रॅम या दोन्हींचा खर्च नव्या संगणकाच्या किमतीच्या तुलनेत बराच लहान असतो.

आणखी एक गोष्ट. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ ला सामान्यतः २०१८ च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. तेवढ्यासाठी जुने यंत्र भंगारात काढू नका. लिनक्स ही प्रणाली फुकट मिळते आणि अशा यंत्रावर चांगली चालते. बदल करण्यापूर्वी आपल्या टिपणांची आणि छायाचित्रांची दुसरी प्रत मात्र करून ठेवा.

हजार वॅट आले कोठून?

आता स्पीकरकडे वळू. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१००० वॅट' छापले आहे. खोके फिरवा आणि त्याला वीज देणाऱ्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरे वाचा : १२ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार करा. २४ वॅट! ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही, हे तुम्ही शिकलाच आहात. २४ वॅट घेणारी पेटी सतत हजार वॅट देणार कशी? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? असा आकडा बहुधा 'पी.एम.पी.ओ.' या नावाने छापतात. तो फार तर क्षणभराच्या उसळीचा अंदाज असतो, आणि तो मोजायची सर्वमान्य रीत नाही. पाहायचा असतो 'आर.एम.एस.' हा आकडा. पेटी सतत किती शक्ती देऊ शकते ते त्यावरून कळते.

हजार वॅट म्हणजे किती, हे धडगाव तालुक्यातल्याच एका उदाहरणावरून समजेल. बिलगावला गावकऱ्यांनी श्रमदान करून धबधब्यावर एक छोटा वीजप्रकल्प उभारला होता. २००३ साली तो सुरू झाला, आणि २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडाला. त्याची क्षमता होती १५ किलोवॅट. तेवढ्यावर पाड्यापाड्यांत दिवे लागले होते. छापील आकडे खरे असते, तर अशा पंधरा स्पीकरांनीच तो सगळा प्रकल्प खाऊन टाकला असता!

शिवाय वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटने आवाजाची पातळी ३ डेसिबलने वाढते, आणि एवढा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. म्हणून २० ऐवजी ४० वॅट घेण्यापेक्षा स्पीकरची संवेदनक्षमता पाहा. १ वॅट शक्ती दिल्यावर १ मीटरवर तो किती डेसिबल आवाज देतो, ते तिच्यावरून कळते. ८४ डेसिबलच्या स्पीकरला ९० डेसिबलच्या स्पीकरची बरोबरी करायला चौपट वॅट लागतील.

सातपुड्यातल्या होळीचा ढोल आठवा. वाजवणाऱ्या माणसाच्या हातांना सतत शंभर वॅटही झेपत नाहीत, तरी त्याचा घुमारा दूरवर ऐकू येतो. कारण त्याचा मोठा पडदा पुष्कळ हवा ढकलतो. मोबाइलमधल्या नखाएवढ्या पडद्याला खालचे सूर काढता येत नाहीत, ते याच कारणाने. तेव्हा लुकलुकणाऱ्या दिव्यांवर पैसे घालवण्यापेक्षा पडदा किती मोठा आहे ते पाहा. तारेने जोडायची सोय आहे का, तेही पाहा. आतली बॅटरी काही वर्षांत थकते. तारेचा चांगला स्पीकर मात्र पुष्कळ वर्षे साथ देतो.

फुकटची सुधारणा

उघड्यावर स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. याचाच अर्थ, ४ मीटरवरचा स्पीकर २ मीटरवर आणला तर चौपट वॅटचा लाभ फुकट मिळतो! बंद खोलीत हा लाभ थोडा कमी असतो, कारण भिंती आवाज परतवतात. पत्र्याच्या छपराखाली, उघड्या भिंतींच्या खोलीत तो इतका परततो की शब्द एकमेकांत मिसळतात. समोरच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगून पाहा. शब्द स्वच्छ ऐकू येऊ लागतील.

शाळेत हा प्रयोग करून पाहा. शिक्षकांच्या मोबाइलवर ध्वनिपातळी मोजणारे ॲप घ्या. मैदानात, वारा पडलेला असताना, स्पीकरवर एकसारखा आवाज लावा आणि १, २ व ४ मीटरवर नोंदी करा. मग हेच वर्गात करा. दोन्ही आलेख शेजारी शेजारी काढा आणि फरकाचे कारण लिहा. जुन्या संगणकाचा सुरू होण्याचा वेळही घड्याळ लावून वहीत टिपून ठेवा. बदल केल्यावर तो पुन्हा मोजा.

मग आपल्या घरातल्या त्या भावाबहिणीने काय करावे? आधी टास्क मॅनेजर पाहावा. घाट डिस्कचा निघाला तर एसएसडी घ्यावी, पैसे उरले तर रॅम. भावाने स्पीकर जवळ आणावा, गोधडी टांगावी, आणि तरीही हवा असेल तर अडॅप्टर वाचूनच नवा घ्यावा. बाजारात जाताना पिशवीत पैशांबरोबर एक कागद असू द्या. त्यावर आपण स्वतः मोजलेले आकडे असू द्या. दुकानदार हजार वॅट म्हणाला, की शांतपणे विचारा, "अडॅप्टर दाखवता का?"